मराठवाड्याचा मिश्र बाजाचा लोकगायक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोंधळ, भारूड, कव्वाली, भीमगीत असं सगळं एकाच बैठकीत गाणारे कलावंत मराठवाड्यात गावोगाव आहेत. मी अशा पार्ट्यांना पेटीवर साथ करतो आणि कार्यक्रम ठरवण्याची धावपळही माझ्याच गळ्यात असते. यात्रा समित्या, कॉलेजची मुलं, नव्यानं गायला लागलेले पोरं-पोरी हमखास तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. काही उत्तरं लांबली, कारण तो विषयच तसा आहे.

मिश्र बाजाचा लोकगायक नेमकं कोणाला म्हणायचं?

ज्याच्या घरात किंवा गल्लीत एक परंपरा पक्की आहे आणि जो तिच्यातून बाहेर पडून दुसरी, तिसरी शिकला, त्याला. घरात संबळ वाजत होता म्हणून गोंधळ आला, गावच्या सप्ताहात उभं राहून टाळ आणि अभंग आले, शेजारच्या दर्ग्याच्या उरुसात कव्वाली कानावर पडली, पुढे जयंतीच्या मंडळात भीमगीतं गायली, असा हा प्रवास असतो. मोबाइलवर चार चाली ऐकून त्या एकामागे एक गाणाऱ्याला आम्ही ऑर्केस्ट्रावाला म्हणतो. त्यातही काही वाईट नाही, फक्त धंदा वेगळा आहे.

हे फ्यूजन म्हणजे आत्ताचं फॅड ना? जुने लोक शुद्ध गात होते.

हा प्रश्न विचारणाऱ्यांनी आधी पैठणला एक चक्कर मारावी. सोळाव्या शतकात एकनाथांनी काय केलं? वासुदेव, जोशी, पांगुळ, गोंधळी, असे दारोदार फिरून मागणारे जे लोक होते, त्यांची गाणी, त्यांची सोंगं, त्यांची भाषा उचलली आणि त्यात अध्यात्म भरलं. भारूड उभं राहिलं ते यातूनच. जोगवा आईचा, पण नाथांनी त्यात मागितला तो बोध. त्यांच्या रचनांत हिंदू-तुर्क संवाद आहे आणि त्यात दखनी ढंगाची बोलीही येते. ‘शुद्ध’ म्हणून ज्या परंपरेचा दाखला देता, तिच्या मुळाशीच ही सरमिसळ आहे.

दुसरं उदाहरण नांदेड-हिंगोलीकडचं. हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी हे नामदेवांचं गाव मानतात. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. म्हणजे नर्सीच्या शिंप्याच्या पोराची वाणी रागी जथे शिखांच्या कीर्तनात तबल्याच्या साथीनं रागात गातात, आणि गुरू गोविंदसिंगांचं १७०८ साली जिथे देहावसान झालं ते नांदेडचं तख्त नर्सीपासून फार लांब नाही. आपल्याकडे टाळ-पखवाजावर नामदेव, तिकडे तबल्यावर नामदेव. दोन्ही ऐकलेला पोरगा मोठेपणी गायला बसला तर त्याच्या गळ्यातून काय निघणार, तुम्हीच सांगा.

तिसरं म्हणजे निजामी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. शाळा-कचेरीची भाषा उर्दू होती. आमच्या आजोबांच्या पिढीतल्या अनेकांना सातबाऱ्यापेक्षा शेर चांगला वाचता येई. अठराव्या शतकातले शायर सिराज औरंगाबादी इथलेच. त्यांची एक गझल भारत-पाकिस्तानातले कव्वाल आजही मैफिलीचा मान म्हणून गातात. खुलदाबादला चिश्ती सूफींच्या मजारी आहेत, परभणीला फेब्रुवारीत तुराबुल हक साहेबांचा उरुस भरतो आणि त्या गर्दीत सगळ्या जातीधर्माचे लोक असतात. मग गोंधळ्याच्या पोराच्या तोंडी शेर आला की त्यात नवल कसलं?

नवीन काय आहे ते सांगतो: माइक, गिटार, पोस्टर आणि पोस्टरवर एकट्या गायकाचं नाव. पूर्वी नाव गावाचं किंवा पार्टीचं असे.

आंबेडकरी गाणं यात कुठे बसतं?

अगदी मधोमध. बाबासाहेबांचा विचार गाण्या-नाट्यातून सांगणाऱ्या जलशांनी तमाशाचं अंग घेतलं, त्यातली गण-गौळण बाजूला ठेवली आणि फार्साची, सवाल-जवाबाची ताकद प्रबोधनाला जुंपली. पुढे भीमगीतात कव्वाली आली, गझलेचा ढंग आला, सिनेमाच्या चाली आल्या. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) मूळ सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, पण त्यांचं गाणं मराठवाड्याच्या वस्त्यावस्त्यांत पाठ आहे. औरंगाबादेत बाबासाहेबांनी १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय काढलं, तिथे खेड्यापाड्यातली पोरं आली आणि गावातलं गाणं आणि पुस्तकातला विचार एका खोलीत राहू लागले. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला १९७८ साली आणि प्रत्यक्ष नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या सोळा वर्षांत घरं जळाली, माणसं मारली गेली, आणि त्या काळात मोर्चाच्या पुढे हलगी होती, गाणं होतं. आजही १४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर जो जनसागर जमतो तिथे गाणाऱ्या पार्ट्या रात्रभर थांबत नाहीत.

पण मला सगळ्यांत जास्त थक्क करतात त्या बायका. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या गेल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी उभ्या केलेल्या ओवी-संग्रहाच्या कामातला तो भाग. जात्यावरची ओवी एरवी माहेर, भाऊ, विठोबा यांच्यावर. या बायकांनी त्याच चालीत भीमराव आणि बुद्ध बसवले. ना स्टेज, ना वाद्य, ना टाळी. मिश्र बाज म्हणायचा तर याच्याइतका सहज मी कुठे ऐकला नाही.

असा कलावंत शिकतो कुठे? गुरू असतो का?

पहिला गुरू बहुतेक वेळा बाप, काका नाहीतर आजी. मुलगा सहा-सात वर्षांचा झाला की हातात तुणतुणं. एकच तार, ती सुरात लावून ठेवायची आणि रात्रभर न थांबता वाजवायची. यात कंटाळा येतोच, पण स्वर पक्का होतो. नंतर झील धरायची, म्हणजे मुख्य गायकाच्या मागे ओळ उचलायची. पाच-सात हंगाम झील धरल्याशिवाय कोणी पुढे उभं राहू देत नाही, आणि ते बरोबर आहे. आख्यान कुठे आवरायचं, कुठे वाढवायचं, हे झील धरतानाच कळतं.

कॉलेजचा रस्ताही आहे. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे, मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे. तिथून आलेली मुलं कार्यक्रम बांधायला हुशार असतात. अभ्यासाच्या अंगानं पाहायचं तर प्रभाकर मांडे यांचं नाव घ्यावंच लागतं. आयुष्यभर लोकसाहित्यावर काम केलेल्या या माणसाला २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. गोंधळी, वासुदेव, फिरस्ते कलावंत यांच्याकडे ‘मागणारे’ म्हणून पाहणाऱ्यांना त्यांनी ‘जपणारे’ म्हणून पाहायला शिकवलं.

कोणती वाद्यं लागतात? गिटार-कीबोर्ड बरोबर जमतं का?

संबळ, तुणतुणं, झांज ही गोंधळाची. दिमडी आणि घोळ वाघ्या-मुरळीचे. चौंडकं देवीची गाणी गाणाऱ्या आराध्यांचं, जोगत्यांचं. टाळ-पखवाज वारकऱ्यांचा, ढोलकी फडाची, हलगी सगळ्यांची. नंगारा बंजारा तांड्यावरचा. होळीच्या लेंगी गीतांना त्याच्याशिवाय मजा नाही. पेटी आणि बेंजो तर आता परके राहिलेच नाहीत. (बेंजो म्हणजे आपला टायपराइटरसारख्या कळांचा. इंग्रजी सिनेमातला गोल बेंजो शोधत बसू नका.)

संबळाचं जवळून सांगतो. दोन भांडी, एक मोठं एक लहान, दोरीनं एकत्र बांधलेली, कमरेला किंवा गळ्यात अडकवायची. दोन काड्यांपैकी एकीचं टोक वळवलेलं असतं, ती मोठ्यावर. त्या वळवलेल्या टोकाच्या घासणीनं जो घुमणारा बोल निघतो तो कोणत्याही पॅडवर अजून निघालेला नाही. नव्या साउंडवाल्याला मी आधीच सांगतो की एकच माइक मधोमध लावू नको. मग लहान भांड्याचा कडकडाट सगळं खाऊन टाकतो. मोठ्याला खालून एक, लहानाला जरा लांबून एक. हलगीचं आणखी वेगळं. कातड्याची असेल तर दवात ती सैल पडते, मग स्टेजच्या मागे कागद-पाचोळा पेटवून शेकावी लागते. मंडपवाला ओरडतो, पण इलाज नाही. शेकल्यावर बोटानं टिचकी मारून ऐकायचं. ‘टण्ण’ आला की उचलायची, नाहीतर कातडं तडकतं. फायबरची पानं आलीत, दवाला भीत नाहीत, आवाजही मोठा. मला त्यांचा आवाज कोरडा वाटतो.

गिटारवाल्याची अडचण पट्टीची. आपले गायक काळी चारला, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी ‘सा’ धरून बसतात, कारण वरच्या पट्टीत गाण्याची सवय माइक नसतानाच्या काळातली आहे. गिटारवर ती पट्टी अवघड जागी येते. पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चाप) लावला की काम होतं. पट्टी उतरवा म्हणणाऱ्या गिटारवाल्याला मी दुसऱ्यांदा बोलवत नाही.

गोंधळातून कव्वालीत जाताना गाणं तुटत नाही का?

जोडणाऱ्याला ठेका कळत असेल तर नाही. भजनी ठेका आठ मात्रांचा, कव्वालीतला केरवाही आठाचाच. फरक जोर कुठे पडतो याचा. पखवाजवाला हात हलका करतो, टाळकरी टाळ ठेवून टाळी धरतात, आणि चार आवर्तनांत सप्ताहाचा मंडप उरुसाचा होतो. गोंधळाच्या बऱ्याच चाली मात्र सहाच्या अंगानं जातात. तिथून थेट उडी मारली की लोकांचे पाय चुकतात. म्हणून मध्ये गायक ठेका थांबवून बोलतो. भारुडात निरूपण असतं, कीर्तनात दृष्टान्त, कव्वालीत मध्येच शेर जोडून गिरह लावतात. तिन्हीकडे युक्ती तीच: गाणं सोडून बाजूला यायचं, सांगायचं, आणि मागच्यांनी ओळ उचलली की परत गाण्यात शिरायचं. गोंधळात मागच्यांना झीलकरी म्हणतात, कव्वालीत हमनवा. काम एकच.

विठ्ठल उमपांचं नाव सारखं का निघतं? ते तर मुंबईचे.

मुंबईचेच. पण मिश्र बाज मोठ्या स्टेजवर कसा उभा करायचा, हे त्यांनी दाखवलं. भीमगीत, कव्वाली, गझल, भारूड, लावणी, पोवाडा, सगळं त्यांच्या गळ्यात होतं. द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी जे येतं त्याची गोष्ट सांगणारं जांभूळ आख्यान त्यांनी गाजवलं. ते मूळ गोंधळ्यांच्या परंपरेतलं. उतारवयात ‘टिंग्या’, ‘जोगवा’ अशा सिनेमांतून नव्या पिढीनं त्यांना पाहिलं. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपुरात दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावरच ते कोसळले आणि गेले.

आपल्या भागातली नावं घ्यायची तर गोंधळात परभणीच्या राजारामबापू कदमांचं घ्यावं लागेल. भारुडात सिल्लोड तालुक्यातल्या रहिमाबादचे निरंजन भाकरे; त्यांचं ‘बुरगुंडा’ हे भारूड ऐकलेला माणूस विसरत नाही. नाथांच्या सोंगात त्यांनी व्यसनमुक्तीपासून स्वच्छतेपर्यंत सगळं बसवलं. २०२१ मध्ये करोनानं त्यांना नेलं.

देवीचं गाणं स्टेजवर गायलं तर कोप होत नाही का?

हा प्रश्न थट्टेचा नाही. घरच्या गोंधळाला विधी आहे. चौक मांडायचा, दिवटी पेटवायची, गण-नमन, मग तुळजापूरच्या आईपासून माहूरच्या रेणुकेपर्यंत एकेका दैवताला गोंधळाला बोलवायचं, मग आख्यान, शेवटी आरती. जुने गोंधळी स्टेजवर आवाहनाचा भाग अर्धवट गात नाहीत. एकतर पूर्ण बोलावतील, नाहीतर थेट आख्यानाला हात घालतील. पाहुण्याला हाक मारून दार लावून घ्यायचं नसतं, असं ते म्हणतात. मी देवभोळा नाही, तरी हा नियम मला पटतो. विधी विधीच्या जागी, कला कलेच्या जागी. कपाळी भंडारा लावून रील काढणाऱ्यांना मात्र काय सांगणार!

बायका गातात का?

गातात, आणि घरात तर त्याच जास्त गातात. तुळजापूरच्या वाटेवर आराधी मेळ्यातल्या बायकांचा आवाज ऐका. अडचण स्टेजवर येते. मुरळीच्या गाण्याला जी बदनामी चिकटली ती तिच्या गळ्यामुळे नाही, मुली देवाला सोडण्याच्या प्रथेमुळे. त्या प्रथेविरुद्ध महाराष्ट्रात २००५ चा कायदा आहे. पण मुरळीचं गाणं गाणाऱ्या आजच्या मुलीला यात्रेत अजूनही नको ती नजर झेलावी लागते. म्हणून मुलगी गाणार असेल तर आम्ही आयोजकांशी आधी बोलून घेतो: कपडे बदलायला बंद खोली, रात्री परतीची गाडी, आणि स्टेजवर चढून पैसे ओवाळायला बंदी. तिसऱ्या अटीवर कुरकुर होते. होऊ द्या.

वर्षभर काम मिळतं का?

नाही. नवरात्रापासून गाडी धरते. चंपाषष्ठी, मग लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा, १४ जानेवारी, फेब्रुवारीत उरुस आणि शिवजयंती, चैत्रातल्या जत्रा, १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा. एप्रिलमध्ये तर एका दिवशी तीन गावं. पाऊस लागला की सामसूम. श्रावणातल्या सप्ताहांवर टाळकऱ्यांचं भागतं, संबळवाल्याचं नाही.

आणि एक गोष्ट शहरातल्या आयोजकांच्या लक्षातच येत नाही. बीड, धाराशिवकडचे किती तरी हलगीवाले, झीलकरी दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. ऐन हंगामात पार्टीचा हात कारखान्याच्या फडात असतो. जानेवारीत कार्यक्रम हवा असेल तर ‘तुमचा तो हलगीवाला आणाच’ असा हट्ट धरू नका. तो तेव्हा सांगली नाहीतर कोल्हापूरकडे पाचटात झोपलेला असतो.

सुपारी किती घेता?

अंतर, माणसं आणि साउंड कोणाचा यावर. आकडा फोनवर बोलू. इसार घेतल्याशिवाय तारीख पक्की होत नाही. उरलेले पैसे गायक स्टेजवर चढण्याआधी, कारण कार्यक्रम संपला की अध्यक्षांचा फोन लागत नाही. गावकऱ्यांनी दिलेलं बक्षीस पार्टीत वाटलं जातं, गायकाच्या खिशात जात नाही. निदान आमच्यात तरी.

पारंपरिक गाणं रेकॉर्ड केलं तर हक्क कोणाचा?

पारंपरिक शब्द आणि चाल कोणाचीच खासगी मालमत्ता नाही. तुम्ही केलेल्या ध्वनिमुद्रणावर मात्र तुमचा हक्क, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यालाही कायद्यानं कलावंत म्हणून वेगळा हक्क आहे. घोळ होतो तो ‘पारंपरिक’ कशाला म्हणायचं यात. लोकांच्या तोंडी बसलं म्हणजे पारंपरिक झालं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. वामनदादा २००४ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवर २०६४ अखेरपर्यंत हक्क आहे. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले, म्हणजे २०२९ अखेरपर्यंत. तरी यूट्यूबवर ‘गीत: पारंपरिक’ लिहून ही गाणी टाकणारे ढिगानं आहेत. उलटाही प्रकार होतो: एखादी कंपनी जुन्या गोंधळाचं रेकॉर्डिंग काढते आणि मग तोच गोंधळ बापजाद्यांपासून गाणाऱ्याच्या व्हिडिओवर हक्काचा दावा येतो. अशा वेळी घाबरून व्हिडिओ काढू नका. गाणं पारंपरिक आहे आणि रेकॉर्डिंग आमचं स्वतःचं आहे, असा आक्षेप नोंदवता येतो.

कायदा राहू द्या, साधी रीत तरी पाळा. चाल कोणाकडून घेतली ते स्टेजवरून नाव घेऊन सांगा. तांड्यावरची लेंगी असेल तर तांड्याचं नाव घ्या. मिश्र बाज गाणाऱ्यावर चोरीचा आरोप होतो तो मिसळलं म्हणून नाही, कोणाचं मिसळलं ते लपवलं म्हणून.

आकाशवाणीची परीक्षा द्यावी का? आता तर यूट्यूब आहे.

द्यावी. ऑडिशनमधून श्रेणी मिळते, आणि करारपत्राचा कागद पुढे फार कामाला येतो. कसा, ते पुढच्या उत्तरात.

म्हातारपणी काय?

राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजना आहे. पन्नाशी ओलांडलेल्या कलावंताला महिना ५,००० रुपये, ही रक्कम २०२४ पासूनची. अर्ज अडतो तो पुराव्यावर. ज्यानं चाळीस वर्षं संबळ वाजवला त्याच्याकडे दाखवायला कागद नसतो. म्हणून तरुणपणापासून एक फाइल ठेवा: यात्रेच्या पत्रिका, पेपरमधली कात्रणं, आकाशवाणीची करारपत्रं, ग्रामपंचायतीचं पत्र, तारीख दिसेल असे फोटो. पत्रिकेवर फक्त ‘आणि पार्टी’ छापू देऊ नका, सगळ्यांची नावं छापून घ्या. झीलकऱ्याचंही. वीस वर्षांनी त्याच कागदावर त्याचा अर्ज मंजूर होणार असतो.

खरं गाणं ऐकायचं असेल तर कुठे यावं?

नवरात्रात तुळजापूर, पण मुख्य रांगेपासून लांब, जिथे आराधी बसतात तिथे. नाथषष्ठीला पैठणच्या वाळवंटात. माळेगावला, लावणीच्या मंडपात जाण्याआधी वाघ्या-मुरळीच्या पालांकडे. फेब्रुवारीत परभणीला रात्री अकरानंतर. त्याआधी आलात तर आकाशपाळणे आणि भेळच दिसेल. येताना चटई आणि शाल आणा, आणि रेकॉर्ड करायचं असेल तर आधी गाणाऱ्याला विचारा.